पहिले नऊ सेकंद

लिफ्टमध्ये तिनं सहाचं बटण दाबलं तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे पाहिलं, आणि तिला ओळखलं. डाव्या मनगटावर घड्याळ, पण तबकडी आतल्या बाजूला. आजारी माणसाला उचलताना त्याच्या अंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून या कामातल्या बायका घड्याळ असं उलटं बांधतात, हे मला सात दिवसांपूर्वी माहीत नव्हतं. आमच्याच एका प्रेक्षकानं ते शोधून लिहिलं होतं, आणि त्याखाली दुसऱ्या एकानं लिहिलं होतं की बघा, मारताना काच फुटू नये याची बाईनं किती काळजी घेतलीय. तर्जनीच्या पेरावर भाजल्याचा जुना पांढरा डाग. हा हात मी थांबवून, मोठा करून, पाव वेगानं इतक्या वेळा पाहिला होता की माझ्या बायकोचा हातसुद्धा मला इतका पाठ नाही. चेहऱ्यावर मास्क, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. तिसऱ्या मजल्यावर दार उगाचच उघडलं, बाहेर कोणी नव्हतं, मिटलं. "बातम्यांचं ऑफिस सहाव्यावरच ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. आवाज नेहमीसारखाच निघाला आणि त्याचीच मला लाज वाटली. सहाव्यावर ती स्वागतकक्षाकडे वळली आणि मी गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या आत सारत काचेच्या दारातून आत शिरलो. तीन वाजून सात मिनिटं झाली होती. चार वाजता मूळ फाइल पुसली जाणार होती.

आमच्या टेबलाला 'प्रेक्षक-खिडकी' म्हणतात. नाव मीच दिलं, कल्पनाही माझीच, आणि त्या वेळी मला शाबासकीही मिळाली होती. लोकांनी आपापल्या फोनवर टिपलेलं आमच्याकडे पाठवायचं, आम्ही ते पारखून दाखवायचं. दिवसाला चारशे चित्रफिती येतात. चारशे फिती आवाजासकट बघायच्या तर माणूस वेडा होईल, म्हणून पहिली फेरी आवाज बंद करून. दुसरा नियम, सुरुवातीचा हलता भाग कापायचा. प्रेक्षकांच्या फितीत सुरुवात नेहमीच हलती असते. फोन खिशातून काढेपर्यंत, बोट सापडेपर्यंत जमीन दिसते, छत दिसतं, कुणाची तरी चप्पल दिसते. हलतं चित्र आलं की बघणारा तिसऱ्या सेकंदाला निघून जातो, हे आम्हाला आकड्यांनिशी दाखवलेलं आहे. तिसरा नियम, पाठवणाऱ्याला फोन करून तीन प्रश्न विचारायचे, कुठे, केव्हा, आधी काय झालं, आणि मग 'बोलणं झालं' या चौकोनात खूण करायची. मूळ फाइल सात दिवस राहते आणि सातव्या दुपारी चार वाजता आपोआप पुसली जाते, जागा अडते म्हणून. कुणाला ठेवायची असेल तर 'राखून ठेवा' दाबायचं, पण मग नाव आणि कारण लिहावं लागतं आणि ते अख्ख्या विभागाला दिसतं. तीन वर्षांत ते बटण दाबलेलं मी पाहिलेलं नाही.

खुर्चीत बसल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर टेबल पुसलं. कोरड्या रुमालानं, कोपऱ्यांसकट. बाबा असं करायचे. रेडिओवर बातम्या लागायच्या आधी बाबा रेडिओ पुसून घ्यायचे, बनियनवर समोर बसायचे, आणि निवेदकानं तोंड उघडलं की हे सुरू. "चूक. साफ चूक. अरे, आकडा बघ की जरा." पुढे टीव्ही आला तर टीव्हीशी भांडण. निवेदिकेला ते "बाई, श्वास घ्या" असं सांगायचे. आई म्हणायची, अहो, तिला ऐकू जात नाही. त्यावर बाबा म्हणायचे, तेच तर म्हणतोय मी, ऐकू जायला हवं. एकदा त्यांनी धरणाच्या पाण्याचा आकडा चुकल्याबद्दल रेडिओ केंद्राला चार पानी पत्र लिहिलं. आकडा खरंच चुकलेला होता. बाबांची नोकरीच त्या मोजमापाच्या खात्यात होती. उत्तर आलं नाही. दोन महिने ते पोस्टमनची वाट बघत, पण बघत नसल्यासारखे, पायरीवर उभे असायचे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. ती पाठ मला अजून दिसते. मी खिडकीचा प्रस्ताव लिहिला तेव्हा त्यात बाबांचं नाव नव्हतं, पण प्रत्येक ओळ त्यांच्यासाठीच होती. की आता कुणीही पायरीवर उभं राहायचं नाही, आता ऐकू जाईल. ते गेले त्यानंतर चार वर्षांनी खिडकी उघडली.

आणि ऐकू जायला लागलं, एवढं की आमचेच कान किटले. ती फीत आली त्या सकाळी माझ्या रांगेत शंभरावर फिती तुंबलेल्या होत्या. एकेचाळीस सेकंद. शुश्रूषागृहातली खोली. सुरुवातीला सगळं हलतंय, मग चित्र स्थिर होतं आणि दिसतं ते असं : निळ्या डगल्यातली एक बाई एका म्हाताऱ्याच्या हातातला पेला हिसकावते, एका हातानं त्याचा जबडा धरते, दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या तोंडात घालते. म्हातारा रडतो, हातपाय झाडतो. ती सोडत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, खोटं कशाला सांगू. मी पहिले नऊ सेकंद कापले, बत्तीस ठेवले. पाठवणाऱ्याला फोन लावला, तो कुणाशी तरी बोलत होता. पुन्हा लावतो म्हणालो स्वतःशी, आणि चौकोनात खूण केली. दुपारी फीत गेली. आता आवाजासकट गेली, पण त्या बत्तीस सेकंदांत आवाज काय, तर म्हाताऱ्याचं रडणं आणि तिचं "तोंड उघडा, उघडा म्हणते ना." संध्याकाळपर्यंत दहा लाख लोकांनी पाहिली आणि रात्रीच्या जेवणाच्या आत शुश्रूषागृहानं तिला काढून टाकलं. विभागात टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी पाठवणाऱ्याचा फोन आला. टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज सौम्य, प्रत्येक वाक्याच्या आधी 'माफ करा'. "माफ करा, पण मी पूर्ण पाठवला होता ना? माझ्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून पाठवला नि पुसून टाकला. मी खाली लिहितोय सगळीकडे की तसं झालेलं नाही, तर लोक मलाच म्हणतात, किती मिळाले." मी बघतो म्हणालो. फोन ठेवला आणि पहिल्यांदा, तिसऱ्या दिवशी, मी मूळ फाइल आवाज चालू करून ऐकली. ते आपल्या आईचं चित्रण करत होते, नातवंडांना पाठवायला. "आई, इकडे बघ, हस." मग फोन वळतो. जमीन, खाटेचा पाय, फरशी पुसायची बादली, आणि बादलीत पेला बुडवणारा एक थरथरता हात. सगळं अंधुक, हलतं. आणि दुरून धावत येणाऱ्या पावलांबरोबर तिचा आवाज. "आजोबा, ते पाणी नाही, फिनेल आहे. गिळू नका, गिळू नका." दुसऱ्या 'नका'च्या मध्येच नऊ सेकंद संपतात. घोट तोंडातच होता आणि तिनं तो बाहेर काढला. बाजूच्या रकान्यात, जो उघडायला एक टिचकी जास्त मारावी लागते म्हणून आम्ही उघडत नाही, पाठवणाऱ्यांचा मजकूर होता : आमच्या मावशींनी आज एका माणसाचा जीव वाचवला. जमलं तर दाखवा, त्यांना बरं वाटेल.

तेव्हापासून चार दिवस मी जेवतोय, झोपतोय, बसनं येतोय-जातोय, आणि तोंडाला कुलूप. आधी वाटलं, आपोआप काहीतरी होईल, प्रेक्षकच शोधून काढतील. काय शोधत नव्हते ते? कुणी फीत उलटी चालवली, कुणी खाली रडकं संगीत घातलं, कुणी तिच्या कोपराचा कोन मोजला. एका विद्यार्थ्यानं म्हाताऱ्याच्या वेदनेचा आलेख काढला, तो सुबक होता. तिचा पत्ता निघाला, घटस्फोट निघाला, एका लग्नातला नाचतानाचा जुना फोटो निघाला आणि त्याखाली लिहिलं गेलं, बघा, हसतेय. बाबांसारखी लाखो माणसं बनियनवर बसली होती आणि आता प्रत्येकाचं ऐकू जात होतं. फीत शब्दाच्या मध्येच सुरू होते, हे मात्र एकाच्याही लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल कुणाच्या, आणि तो माझ्यासारखाच गप्प बसला असेल.

माझी बायको शाळेत शिक्षिका होती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि तेव्हापासून घरात चमचा पडल्याचासुद्धा आवाज होऊ नये अशी राहत होती. पुस्तक मांडीवर, पान तेच. या सात दिवसांत ती बदलली. सकाळी उठल्याबरोबर चष्मा, फोन. तिनं त्या फितीखाली चार ओळी लिहिल्या, अशा हातांबद्दल, ज्यांनी खरं तर घास भरवायचा असतो. अकरा हजार लोकांनी त्या उचलून धरल्या. तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी मिळून एक गट केला आणि तिला त्यात वडीलधारी म्हणून मधोमध बसवलं. पाचव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "त्या बाईला मुलगी आहे. फोटोत गणवेश दिसत होता. कुणाला ओळखता येत नव्हता, खिशावरचं बोधचिन्ह अर्धंच होतं ना. मी ओळखलं. एकतीस वर्षं स्पर्धांना जात होते, मला नाही कळणार?" हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी फार दिवसांनी ऐकत होतो. सुंदर अक्षराचं बक्षीस जाहीर करताना असायचा तो. मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मग काय, शाळेला कळायला नको, कुठल्या घरातली मुलगी आहे ती?" मी पाणी प्यायलो. सांगायची वेळ तीच होती, ताटावर, दोघंच असताना. पण मला वाटलं, हे सांगितलं तर ती पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल, तेच पान उघडून, आणि या वेळी उठणारच नाही. असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, तिला नाही, तिच्या अकरा हजारांना.

टेबलावरचा फोन वाजला. स्वागतिका म्हणाली, "खिडकीचं कोणी आहे का? एक बाई आल्यात. नाव सांगत नाहीत. म्हणतात, तो शुश्रूषागृहाचा व्हिडिओ पूर्ण बघायचाय." मी सांगतो म्हणालो आणि विभागप्रमुखांकडे गेलो. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, आणि कुणाचंही वाक्य पुरं होऊ देत नाहीत म्हणून आम्ही त्यांना मागून एक-मिनिट म्हणतो. "त्या बाई स्वतः आल्यात," मी म्हणालो. "आणि मूळ फाइलमध्ये सुरुवातीला—"

"एक मिनिट. सुरुवातीला काय आहे ते मी तुम्हाला विचारलेलं नाही. बरोबर?"

"बरोबर, पण ते आज चार वाजता—"

"एक मिनिट, सर. चार वाजता जे होतं ते रोज होतं. आपण काही पुसत नाही आणि आपण काही ठेवतही नाही. आपोआप आहे ते. कुणाचा हात नाही त्यात." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची निवृत्तीला तीनच वर्षं राहिलीत ना? त्यांना सांगा, पाठवणाऱ्यानं एवढाच पाठवला होता. बसा शांतपणे."

पाठवणाऱ्यानं एवढाच पाठवला होता. म्हणजे उद्या ते 'माफ करा' म्हणणारे गृहस्थ. त्यांचाही पत्ता निघेल, त्यांच्या म्हाताऱ्या आईची खाट निघेल. तीन छत्तीस झाले होते. मी जागेवर आलो आणि काचेतून पाहिलं. स्वागतकक्षात ती भिंतीला पाठ लावून ताठ बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर तो हात. तिच्या डोक्यावरच्या पडद्यावर आमचीच वाहिनी चालू होती, आवाज बंद. त्यावर तीच होती, निळ्या डगल्यात, आणि खाली पट्टी : अशा व्यक्तींना पुन्हा काम मिळावं का? आपलं मत आत्ता नोंदवा. नाही, चौऱ्याण्णव टक्के. माझ्या डोळ्यांदेखत पंच्याण्णव झाले. दोन कुरिअरवाले आले, पडद्याकडे बघत उभे राहिले, एकानं फोन काढून मत दिलं. त्याच्या बुटाचं टोक तिच्या चपलेला लागलं, तो "माफ करा हं, ताई," म्हणाला आणि बाजूला झाला. तिनं वर पाहिलं नाही. पडद्यावर काय चाललंय हे तिला त्या कुरिअरवाल्यांच्या चेहऱ्यांवरून कळत असणार.

मला तेव्हा कुणी विचारलं असतं की काय वाटतंय, तर मी सांगितलं असतं, घाम. पाठीवर, गुडघ्यांच्या मागे. संगणकावर फाइल उघडी होती, शेजारी बटण. इतकी वर्षं मी नाकासमोर चालणारा माणूस म्हणून ओळखला जातो. जे कापलं ते नियमानं कापलं, असं म्हणायला मी मोकळा होतो. चौकोनातली ती खूण मात्र नियमानं नव्हती. ती एक खूण करायला अर्धा सेकंद लागला असेल. मी हिशेब लावत होतो की बटण दाबलं तर आधी कोण येईल, एक-मिनिट येईल की बायकोचा फोन येईल; गटात माझा फोटो कुठला लावतील, ओळखपत्रावरचा की लग्नातला; आणि माझं काय काय निघेल. आणि मग एकदम वाटलं की हे सगळं मी त्या बाईच्या समोर, काचेच्या या बाजूला, पंख्याखाली बसून मोजतोय. मला माझी किळस आली. तीन एकावन्न. मी बटण दाबलं. कारणाच्या जागी लिहिलं : पहिले नऊ सेकंद मी कापले. त्यात बादली आहे. पाठवणाऱ्याशी मी बोललो नव्हतो. शेवटी नाव. पलीकडच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची कर्रकन मागे सरकली. मी वळून न बघता बाहेर गेलो.

"या," मी तिला म्हणालो. "दाखवतो."

ती उठली नाही. "लिफ्टमध्ये ओळखलंत ना मला?"

"हो."

"वाटलंच. सगळे तोंडाकडे बघतात, तुम्ही हाताकडे बघत होतात." तिनं पिशवी सावरली. "मग पाऊण तास?"

मी काचेचं दार उघडून धरलं. ती उठली. आम्ही आत आलो. विभागात टंकण्याचा आवाज थांबला. एक-मिनिट त्यांच्या काचेआड उभे होते, कानाला फोन. मी माझी खुर्ची तिला दिली. तिनं मास्क खाली केला. चेहरा पडद्यावरच्यापेक्षा लहान होता, डोळ्यांखाली काळं. "मला नका दाखवू," ती म्हणाली. "मी होते तिथं. मला लोकांनाही दाखवायचं नाही, लोक कंटाळले की गप्प बसतील. माझ्या मुलीला दाखवायचंय. ती काही बोलत नाही. शाळेत कुणीतरी वर्गातच लावला. घरी आली नि माझ्या हातचं खाईना. परवा रात्री विचारलं मी, बाई, तुला काय वाटतं? तर म्हणाली, मी बघितलंय ना, आई." मग तिनं फोन काढला, मुलीला लावला, समोर चेहरा आला तसा फोन फिरवून माझ्या पडद्यासमोर धरला. "लावा."

मी लावलं, आवाजासकट. आई, इकडे बघ, हस. जमीन, खाटेचा पाय, बादली, पेला. गिळू नका, गिळू नका. धावती पावलं. नऊ सेकंद इतके लांब असतात हे मला माहीत नव्हतं. मग ते बत्तीस, जे सगळ्यांना पाठ होते, आणि आता त्यांत वेगळंच काही चाललेलं होतं. ती म्हाताऱ्याचं डोकं आपल्या छातीशी धरून होती, हे मी आजवर पाहिलंच नव्हतं. फोनमधून बारीक आवाज आला, "परत." मी परत लावलं. ती फोन दोन्ही हातांनी धरून होती. दुसऱ्यांदाही संपलं. मग मुलगी म्हणाली, "पण हे आधीचं टीव्हीवर नव्हतं. का नव्हतं?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "ह्यांना विचार." आणि तिनं फोन माझ्याकडे वळवला.

अकरा-बारा वर्षांची मुलगी. शाळेच्या वेळेला घरात, अंगात घरचाच झगा, केस विंचरलेले नव्हते. ती माझ्याकडे सरळ बघत होती. मी तीस वर्षं या धंद्यात आहे; लाखो लोक बघताहेत असं धरून आम्ही काम करतो, पण माझ्याकडे कधी कुणी बघितलेलं नव्हतं. "काका, हे कुणी काढलं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"का?"

माझ्या मागे दार उघडल्याचा आवाज आला आणि "एक मिनिट" असं कुणीतरी म्हणालं. चारशे फिती असतात, फोन लागला नाही, नियम आहे, आकडे आहेत, तिसऱ्या सेकंदाला माणसं निघून जातात. सगळं जिभेपर्यंत आलं. ती वाट बघत होती.

"हलत होतं म्हणून," मी म्हणालो.

ती तशीच बघत राहिली, पुढचं ऐकायला. पुढे काही नव्हतं.